गुरुजींचा उपदेश आणि पायाचे बोट

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, पण आमच्या दवाखान्यात त्याची गर्दी होते जुलै-ऑगस्टमध्ये. प्रवेश पक्का झाला की कॉलेज किंवा वसतिगृह फिटनेसचा दाखला मागते. मुले-मुली येतात, बरोबर वडील असतात आणि वडिलांना रजा नसेल तर आजोबा. वजन, उंची, रक्तदाब, डोळे, छाती तपासून मी सही करतो. दहा मिनिटांचे काम. पण आजोबा बरोबर असले की अर्धा तास धरून चालावे. नातवाला जन्मभर पुरेल एवढा उपदेश त्यांना एस. टी. सुटण्यापूर्वी द्यायचा असतो, आणि तो डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतला तर पोरगे ऐकेल अशी त्यांची समजूत असते.

गेल्या महिन्यात मंगळवेढ्याकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक असेच नातवाला घेऊन आले. (त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. नातू पुण्याला इंजिनिअरिंगला निघालेला. मी त्याच्या दंडाला पट्टा बांधेपर्यंत गुरुजींचे सुरू झाले होते. पहाटे चारला उठ. बाहेरचे खाऊ नकोस. संगत बघून मैत्री कर. बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकून फी भरली आहे, हे विसरू नकोस. मुलगा मान डोलवीत होता. रक्तदाब १३८ आला. अठरा वर्षांच्या पोराला! मी पट्टा सोडला, त्याला पाच मिनिटे गप्प बसवले आणि पुन्हा घेतला. ११८. पहिला आकडा उपदेशाचा होता, दुसरा मुलाचा.

"गुरुजी, चारला उठायचं तर झोपायचं किती वाजता?" मी विचारले. वसतिगृहात रात्री बाराच्या आत दिवा मालवत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. या वयाच्या मुलांना आठ तास झोप लागते. एकला झोपून चारला उठणारा मुलगा अभ्यास करीत नाही, पुस्तकासमोर बसून डुलक्या घेतो. गुरुजींना माझे बोलणे आवडले नाही. चाळीस वर्षे ते चारला उठत आले आहेत. पण ते रात्री नऊला झोपतही आले आहेत, ही गोष्ट ते सोयीस्करपणे विसरतात.

मग गुरुजींनी एक गोष्ट केली, ती मात्र मला सुचली नसती. त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली, मोजा उतरवला आणि पाय स्टुलावर ठेवला. अंगठ्याशेजारचे बोट तिथे नाही. नातवाला ते माहीत होते, पण ते कसे गेले हे त्याला कोणी धड सांगितलेले नव्हते.

"बघ," गुरुजी म्हणाले. "चपलेनं घासून फोड आला होता. दुखत नव्हता, म्हणून मी सांगितला नाही. पुढं चिघळला. तेव्हा घरात तुझ्या आत्याच्या लग्नाची धांदल होती. म्हटलं, कुणाला कशाला ताप? मोजा घालून अठरा दिवस हिंडलो. वास यायला लागला तेव्हा तुझ्या आईच्या लक्षात आलं. पहिल्या दिवशी बोललो असतो तर मलमपट्टीवर भागलं असतं. तू तिकडं आजारी पडलास, नापास झालास, पैसे घालवलेस, काय वाटेल ते होऊ दे. अठरा दिवस थांबू नकोस."

पोराने मोबाईल खिशात घातला. इतका वेळ तो हातात होता.

गुरुजींचे वैद्यकीय वर्णन अगदी बरोबर आहे, एवढे डॉक्टर म्हणून सांगतो. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. जखम होते, पण कळ येत नाही. म्हणून माणूस तिला जखम समजत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर ती भरत नाही, आणि एक दिवस बोट किंवा पाऊल काढण्याची पाळी येते. मधुमेह्याने रोज रात्री पाय आरशात पाहावेत असे आम्ही सांगतो, ते याचसाठी.

वाचकहो, वीस-बावीस वर्षांच्या मुलांवर उपचार करताना मला रोगापेक्षा लपवण्याचाच जास्त त्रास होतो. तीन वर्षांपूर्वी एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आली. मोठ्या शहरात शिकत होती. खोकला, संध्याकाळी ताप, वजन सात किलो उतरलेले. किती दिवस? म्हणाली, आठवडाभर. आईला बाहेर बसवून पुन्हा विचारले, तेव्हा अडीच महिने निघाले. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला की थुंकी तपासावी, हे तिच्या वसतिगृहातल्या फलकावरही लिहिलेले होते. तिने मला तसे सांगितले. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, साधा क्षय सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. ती बरी झाली, शिकते आहे. पण अडीच महिने गप्प का राहिलीस, या प्रश्नाचे तिचे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "घरी कळलं असतं तर परत बोलावलं असतं, आणि मग लग्नच लावून दिलं असतं."

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, शिकायला निघालेल्या नातीला 'तब्येत सांभाळ' असे सांगणे पुरेसे नाही. तिला वचन द्यावे लागते: आजारी पडलीस तर औषध देऊ, शिक्षण थांबवणार नाही. असे वचन देण्याचे वजन घरात बहुधा आजी-आजोबांच्याच शब्दाला असते. ते त्यांनी वापरावे, आणि मुलीच्या वडिलांसमोर वापरावे.

मुलांचे लपवणे वेगळे. ते बहुतेक मार्कांचे, पैशांचे आणि व्यसनाचे असते. यात मी कोणाला नावे ठेवणार नाही, कारण मी स्वतः त्यातलाच. १९८८ साली पहिल्या एम. बी. बी. एस. ला फिजिऑलॉजीत मी नापास झालो. सहा महिन्यांनी परत परीक्षा, म्हणजे 'ऑड बॅच'. घरी पत्रात लिहिले, 'निकाल लागायचा आहे.' दोन महिने तेच लिहीत होतो. मेसमध्ये जायचे बंद केले, कारण पास झालेली मुले तिथे भेटत. चहा आणि बिस्किटांवर दिवस काढायचे. एके दिवशी आजी चुलत्यांबरोबर दशम्या आणि शेंगाची चटणी घेऊन वसतिगृहात आली. निकालाचे तिने विचारलेच नाही. माझे मनगट हातात धरले आणि म्हणाली, "जेवत नाहीस व्हय रे?" मी रडलो आणि सगळे सांगितले. ती म्हणाली, "सहा महिनेच ना? बाहत्तरच्या दुष्काळात तुझ्या आजोबानं विहीर खणायला घेतली, ती तीन वर्षं कोरडी होती." मग तिने मला समोर बसवून दोन दशम्या खायला लावल्या. ऑक्टोबरात पास झालो. त्या दोन महिन्यांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेले, ते मी तिलाही सांगितले नाही.

ते सगळ्यांच्याच बाबतीत येऊन जाते आणि निघून जाते असे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. प्रत्येक घटनेमागे एकच कारण नसते, हे खरे. तरीही 'घराण्याचे नाव राख', 'जमीन गहाण टाकली आहे' ही वाक्ये आपण ज्या सहजपणे मुलाच्या पिशवीत लाडवांबरोबर भरून देतो, तो सहजपणा मला खटकतो. गुरुजींनाही मी हे तोंडावर सांगितले. जमिनीची गोष्ट मुलाला माहीत असते. ती आठवण करून दिल्याने तो जास्त अभ्यास करीत नाही. नापास झाल्यावर फोन मात्र करीत नाही.

आता फोनचे. आजोबा-आजींनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी स्वतः फोन करावा. अभ्यासाचे विचारायला आई-वडील समर्थ आहेत. तुम्ही विचारा: काय जेवलास, किती झोपलास, खोलीत कोण कोण आहे, गावाकडचा कोणी भेटतो का? मुलगा सारखा 'काही नाही', 'बरं आहे' म्हणू लागला, जेवण-झोप मोडली, मित्र तुटले, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, 'मी नसतो तर बरं' असे काही बोलला, तर रागावू नका आणि उपदेशही करू नका. त्याला सरळ विचारा की, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणाला तर त्याला एकटे ठेवू नका. कोणीतरी त्याच दिवशी निघा आणि डॉक्टरकडे न्या. टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत मिळते. हा क्रमांक मी हल्ली फिटनेसच्या दाखल्यामागे रक्तगटाखाली लिहून देतो. दमा, फिट, औषधाची ॲलर्जी असेल तर तेही तिथेच लिहितो. खोलीतल्या मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, हे तोंडी सांगतो. दाखल्यावर तेवढी जागा नसते.

गुरुजींच्या नातवाचा दाखला लिहून झाला. जाता जाता मी गुरुजींची जुनी फाईल काढली. शेवटची साखर तपासल्याला सात महिने झाले होते. "अहो, याच्या प्रवेशाच्या धावपळीत राहिलं," ते म्हणाले. तिथेच रक्त घेतले. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ९.४ आली, सातच्या आसपास हवी. नातू म्हणाला, "आबा, अठरा दिवस म्हणत होता ना?" गुरुजी मोजा घालण्यात गुंतले.

औषध वाढवले आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतरच्या सोमवारी आहे. ती चुकली तर मी पुण्याला फोन करायचा, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. नंबर नातवाने स्वतः फाईलवर लिहून दिला.