स्वभावाला औषध नाही, अन्यायाला?

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयात 'कार्यस्थळावरील सुसंवाद' या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. पुण्याहून आलेल्या व्याख्यात्याने मोठ्या पडद्यावर त्रासदायक सहकाऱ्यांचे पाच प्रकार दाखवले: रागीट, कुचका, कामचुकार, श्रेय लाटणारा आणि तोंडावर गोड. प्रत्येकाला कसे 'हाताळावे' याच्या युक्त्या सांगितल्या. समोरचा बदलत नसतो, आपण आपला दृष्टिकोन बदलावा, हे दिवसाचे सार. टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली.

आम्ही दोघे, म्हणजे मराठी विभागातले हे लेख लिहिणारे दोन प्राध्यापक, पहिल्या रांगेत होतो. प्रमाणपत्रांवर नावे घालण्याचे काम मागच्या बाकावर बसून आमच्याच विभागातल्या एक बाई करत होत्या. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात. अकरा वर्षे झाली. सेट उत्तीर्ण आहेत, पीएच.डी. आहे. जेवणाच्या सुटीत त्यांनी अगदी सहज विचारले, "सर, माझे ऑगस्टपासूनचे मानधन आलेले नाही. हा या पाचांपैकी कोणता प्रकार?"

आम्ही हसलो. हसण्याजोगेच वाक्य होते ते. पण घरी जाताना दोघांनाही जाणवले की दिवसभरात त्या सभागृहात विचारला गेलेला एकमेव खरा प्रश्न तोच होता, आणि तोही सभागृहाबाहेर विचारावा लागला होता. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नोकरीच्या ठिकाणचा त्रास दोन जातींचा असतो. एक स्वभावाचा आणि दुसरा अन्यायाचा. या दोहोंना एकाच माळेत ओवणे ही आजच्या सल्लाबाजीची सर्वांत मोठी लबाडी आहे. स्वभावाला औषध नाही, असे आपली जुनी माणसे म्हणत आली. ते खरेही असेल. परंतु अन्यायाला 'स्वभाव' असे नाव दिले की त्यालाही औषध नाही, असे आपोआप ठरून जाते. मग उरते ते फक्त जुळवून घेणे. आणि जुळवून कोणी घ्यायचे? ज्याचे कमी चालते, त्याने.

दोहोंतला फरक ओळखावा कसा? आम्हाला एक साधी कसोटी सुचते. माणूस बदला आणि खुर्ची तीच ठेवा. त्या खुर्चीवर उद्या एखादा देवमाणूस येऊन बसला, तर त्रास थांबेल काय? थांबणार असेल, तर प्रश्न स्वभावाचा होता. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दिवसभर फोनवर मोठ्याने बोलतात, विभागातले एक ज्येष्ठ प्रत्येक वाक्याला टोमणा जोडतात, कोणी उसने नेलेले पुस्तक परत करत नाही. हे सगळे त्रासच आहेत आणि त्यांच्यासाठी संयम, विनोद किंवा दुसरे टेबल पुरेसे आहे. पण खुर्चीवरचा माणूस बदलूनही त्रास तसाच राहणार असेल, तर तो स्वभाव नव्हे, ती रचना आहे. रचनेशी संयमाने वागून काही होत नाही. रचनेला संयमी माणसेच हवी असतात.

या कसोटीला इतिहासाचा आधार आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याची नोंद धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. आता कार्यशाळेतल्या व्याख्यात्याला विचारावेसे वाटते: हे सहकारी रागीट होते की कुचके? यांना 'हाताळण्याची' युक्ती कोणती? त्या शिपायाच्या जागी दुसरा शिपाई आणला असता तर त्याने कागद हातात दिला असता काय? तो शिपाई घरी कदाचित प्रेमळ बाप असेल. ते प्राध्यापक विद्यार्थ्यांचे लाडके असतील. त्यांच्या स्वभावाचा इथे संबंधच नाही. बाबासाहेबांनी पुढच्या आयुष्यात या गोष्टीला स्वभावाचा प्रश्न मानले नाही, तर हक्काचा आणि कायद्याचा प्रश्न मानले, म्हणून ती बदलण्याची भाषा तरी आपल्याला मिळाली.

दुसरे उदाहरण र. धों. कर्वे यांचे. विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या या माणसाने १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि त्या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. कर्वे हटवादी होते, फटकळ होते, सहकारी म्हणून कठीणच असावेत. म्हणजे पाच प्रकारांच्या तक्त्यात 'त्रासदायक' म्हणून नोंद झाली असती ती कर्व्यांचीच! हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्रासदायक सहकारी कोण, हे ठरवण्याचा अधिकार बहुधा ज्यांच्या हाती नियुक्तिपत्र असते त्यांच्याकडेच असतो. १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवणाऱ्या त्या माणसाने 'जुळवून' घेतले असते, तर महाराष्ट्र एका गणिताच्या प्राध्यापकाचे निवृत्तिवेतन वाचवून बसला असता.

साहित्याकडे वळलो तर मराठी प्राध्यापकाला आरसा दाखवणाऱ्या कादंबऱ्या आपल्याकडे आहेत. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'जरीला', 'झूल' या १९७५ ते १९७९ या काळात आल्या. महाविद्यालयांतले गट, जातीपातीचे हिशेब, संस्थाचालकांची दरबारी रीत हे सगळे त्यांत इतके आहे की आजही स्टाफरूममध्ये कोणाचे तरी नाव घेऊन 'हा झूलमधला' असे म्हटले जाते. परंतु आम्ही या कादंबऱ्या शिकवताना एक गोष्ट विद्यार्थ्यांना कधी सांगितली नाही, ती इथे सांगतो. चांगदेव पाटील नोकरीतल्या घुसमटीला देतो ते उत्तर बिऱ्हाड उचलण्याचे आहे. एक गाव सोडायचे, दुसऱ्या गावात रुजू व्हायचे. त्या काळी महाविद्यालये नव्याने निघत होती आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाला कुठे ना कुठे जागा मिळत होती. म्हणून त्याच्या अलिप्तपणाला काहीएक अर्थ होता. आज तासिका तत्त्वावरच्या माणसाने बिऱ्हाड उचलून जावे कुठे? पुढच्या गावातही तासिकाच आहे. भरतीवर वर्षानुवर्षे बंदी आणि निर्बंध राहिले, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या रिकाम्या जागांवर तासावारी माणसे उभी केली गेली. चांगदेवाची ती परखड अलिप्तता आम्हा कायम प्राध्यापकांना परवडते. आमच्या विभागातल्या बाईंना ती परवडत नाही.

ही रचना कशी चालते ते जरा तपशिलाने पाहू. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला वर्गात घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. दिवाळीची सुटी, परीक्षेचे दिवस, मे महिना यांचे नाही. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नियुक्ती. म्हणजे अकरा वर्षे काम करूनही सलग सेवेची अकरा वर्षे भरत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या विनियमांत कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण अध्यापकांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये असे म्हटले. २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी एका तासाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे मानधन सुचवले. कागदावर हे असे आहे. ज्यांनी आमच्यासारखी महाविद्यालये आतून पाहिली आहेत, त्यांना प्रत्यक्ष काय आहे ते सांगण्याची गरज नाही.

आता या जागी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने स्टाफरूमकडे पाहा. पुढच्या जूनमध्ये आपले नाव यादीत असेल की नाही, हे विभागप्रमुखाच्या एका शब्दावर अवलंबून आहे. मग त्याने सांगितलेले कोणते काम नाकारता येते? त्याच्या कोणत्या टोमण्याला उत्तर देता येते? शोधनिबंधावर त्याचे नाव घालायला नाही म्हणता येते काय? अशा ठिकाणी सज्जनातला सज्जन विभागप्रमुखही अन्यायच करत असतो, कारण त्याची विनंतीसुद्धा हुकूम म्हणूनच ऐकली जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड दाबायलाही कोणी लागत नाही, ते ज्याचे त्याने दाबून धरलेले असते.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख निर्धोक झाला असता. शासन, आयोग, संस्थाचालक यांना चार शब्द सुनावून आम्ही मोकळे. पण खुर्चीची कसोटी लावायची तर ती आमच्याही खुर्चीला लावली पाहिजे.

नॅकच्या वर्षी आमच्या विभागाच्या फायली बाईंनी लिहिल्या. रात्री आठपर्यंत बसून लिहिल्या. त्या तासांचे मानधन नव्हते. अहवालावर समन्वयक म्हणून आम्हा दोघांपैकी एकाचे नाव आहे आणि स्थाननिश्चितीच्या प्रस्तावात त्या कामाचे गुण त्यानेच घेतले. सकाळी सात-वीसचा पहिला तास दहा वर्षे बाईंकडे आहे, कारण आम्ही लांब राहतो. बाई आमच्याहून लांब राहतात, हे आम्हाला या वर्षी कळले. त्यांनी मानधनाचे विचारले की आम्ही म्हणत आलो, "होईल हो, पुढच्या वर्षी तुमचे नक्की काहीतरी होईल." हे आम्ही आपुलकीनेच म्हणत होतो. आमच्या स्वभावाविषयी बाईंची तक्रार नाही. त्या आम्हाला चांगले सहकारी मानतात. आणि आमच्या म्हणण्याचा गाभा नेमका हाच आहे: चांगल्या सहकाऱ्यांच्या हातूनही अकरा वर्षे अन्याय होऊ शकतो आणि त्याला कोणाचाही दुष्टपणा लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की प्रत्येक कुरबुरीला अन्याय म्हणू लागलो तर कामे व्हायची नाहीत आणि तक्रारखोरांचे फावेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कसोटी सांगितली. टोमणा मारणाऱ्याविरुद्ध अर्ज करू नये, त्याच्याशी बोलावे किंवा त्याला सोडून द्यावे. मात्र वेळापत्रक, पैसा, श्रेय आणि नियुक्ती या चार गोष्टींत जे घडते, ते कधीच नुसते स्वभावाचे नसते. तिथे गोड बोलून भागवणे म्हणजे पुढच्या माणसासाठी खड्डा तसाच ठेवणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कायम नसलेल्याने तक्रार केली की त्याची नोकरी जाते, मग हा उपदेश कोणाला? उत्तर अवघड नाही, फक्त गैरसोयीचे आहे. हा उपदेश त्याला नाहीच. तो आम्हाला आहे. ज्याची नोकरी जाऊ शकत नाही, त्याने सही करावी. कागद करावा, त्यावर तारीख घालावी, कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यावा, उत्तर मागावे. तोंडी आश्वासनाला दुसऱ्या दिवशी लेखी रूप द्यावे. अनुदानित महाविद्यालयाला २००५ चा माहितीचा अधिकार लागू आहे, तो वापरावा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात तक्रार निवारणाची तरतूद आहे, ती वाचावी. स्त्री सहकाऱ्याच्या लैंगिक छळाचा प्रश्न असेल तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे आणि तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची आहे. 'थांबा, पाहू, मिटेल' असे सांगणारा हितचिंतक ती मुदत संपवत असतो, हे त्याला खडसावून सांगावे. कायदे अपुरे आहेत, समित्या कित्येकदा कागदोपत्री आहेत. तरीही कागद झाला नाही तर अन्याय झाल्याची खूणदेखील राहत नाही. आणि एका सहीपेक्षा दोन सह्या बऱ्या असतात. एकट्याला 'त्रासदायक' ठरवता येते, सगळ्या विभागाला ठरवणे जड जाते.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी प्राचार्यांना अर्ज दिला. बाईंना आधी विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझे नाव एकटीचे घालू नका." म्हणून अर्जात महाविद्यालयातल्या तासिका तत्त्वावरच्या सर्वच अध्यापकांचे थकित मानधन मागितले आहे. नॅकच्या कामाचे श्रेय कोणाचे हे आमच्या नावासकट लिहिले आहे. सात-वीसचा तास फिरता ठेवावा असे सुचवून पहिल्या फेरीत आमची नावे घातली आहेत. हे काही शौर्य नव्हे. अकरा वर्षे उशिरा दिलेला एक अर्ज आहे.

प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून खऱ्याखुऱ्या काळजीने त्यांनी विचारले, "पण सर, तुम्ही तर कायम आहात. तुम्हाला काय त्रास आहे?"

त्या क्षणी आम्हाला नीटसे उत्तर देता आले नाही. ते वर लिहिले आहे. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तर अजून आलेले नाही. सात-वीसचा तास मात्र या सोमवारपासून आम्ही घेत आहोत.