पाणी गुडघाभरच आहे ना!

परवा ऑफिसात पावसाळी ट्रिपचा मेल आला. बेत नेहमीचाच: लोणावळा, भजी आणि धबधबा. मी 'रिप्लाय ऑल' करून लिहिलं, "भज्यांना येतो, पाण्यात उतरणार नाही." झालं! तेव्हापासून "अरे, पाणी गुडघाभरच असतं" हे ऐकतोय. घाबरट म्हणा हवं तर, पण माझं म्हणणं एकदा मांडतोच.

मी असोद्याचा, जळगावच्या शेजारचा. जून २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यातले वैद्यकीय विद्यार्थी रशियात वोल्खोव नदीत बुडाले. एक जण पाण्यात अडचणीत आला, बाकीचे वाचवायला गेले. त्या दिवशी घरी फोन केला तर आईला दुसरं काही सुचतच नव्हतं. त्याच महिन्यात, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून ते उभे होते. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल.

आता आपण इंजिनिअर, तर थोडं गणित. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल तर दोन पायांवर साधारण २० किलोचा रेटा येतो. वेग ४ मीटर झाला की तोच ८० किलो! खाली शेवाळलेला दगड. कोण टिकणार?

शिवाय खरा धोका दिसतच नाही. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, वर पाणी असलं की पत्ताही लागत नाही. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं आणि माणसाला परत भिंतीकडे ओढतं. पांढऱ्या फेसात हवा इतकी असते की शरीर नीट तरंगत नाही. त्यामुळे "मला पोहता येतं" याचा तिथे फारसा उपयोग नाही. स्विमिंग पूल वाहत नसतो!

मग करायचं काय? पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की सेल्फी सोडून काठावर या. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो. वाहून जायला लागलातच तर उभं राहू नका, पाय दगडांत अडकला की पाणी वरून दाबतं. पाठीवर पडून पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि हळूहळू काठाकडे सरका.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट: दुसरा पडला तर मागे उडी मारू नका. दोर, बांबू, रिकामा कॅन, जे मिळेल ते काठावरूनच फेका आणि ११२ लावा. ऐकायला निर्दयी वाटतं, मलाही वाटतं. आपलं माणूस हाक मारत असताना काठावर उभं राहणं सोपं नाही. म्हणूनच ते आधी ठरवून ठेवावं लागतं, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

असो. ट्रिपला मी येतोय. गाडीत २० मीटर दोर टाकलाय. तो तसाच गुंडाळलेला परत यावा एवढीच इच्छा. तोवर माझ्या वाटची भजी संपवू नका!