'श्वास' : स्तुती जास्त झाली का?

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) परवा नातवासोबत पुन्हा पाहिला. सुवर्णकमळ, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका. तेव्हा कौतुक एवढे, की खोट काढायची सोयच नव्हती.

दवाखान्यातले काही प्रसंग मला आजही लांबलेले वाटतात. पण डोळ्यांच्या कर्करोगापायी दृष्टी जाणार, हे लहानग्या परशाला सांगायचे कुणी? इथे अरुण नलावडेंचे आजोबा गप्प होतात आणि मी चपापतो.

"आजी गावाला गेली," असे मीच नातवाला सांगितले होते. पोर दोन महिने दिघोरीच्या स्टँडकडे बघत होते.

सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, "आबाजी, मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

ऑस्करचे नामांकनही 'श्वास'ला मिळाले नाही. माझ्यापुरती मात्र ती सारी स्तुती खरी ठरली.