मजुराच्या वाट्याची सावली

पवित्र शास्त्रांत, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत, शूनेम गांवच्या एका मुलाची हकीकत आहे. कापणीच्या दिवसांत तो शेतांत आपल्या बापाकडे गेला. तेथें त्याचें डोकें एकाएकीं दुखूं लागलें, त्याला उचलून घरीं आणलें, आणि दोन प्रहरीं आईच्या मांडीवर त्यानें प्राण सोडला. पुढें अलीशा संदेष्ट्यानें त्यास उठविलें, तें आपणांस ठाऊकच आहे. परंतु पुष्कळ भाष्यकार ह्या मुलाचें दुखणें म्हणजे उष्माघातच समजतात. उन्हानें माणूस दगावतो हें ज्ञान कांहीं आजचें नव्हे.

तें आपण विसरतों, ह्याचें दुःखद प्रत्यंतर ता. 16 एप्रिल 2023 रोजीं आपल्या रबाळ्यापासून फार दूर नसलेल्या खारघर येथें आलें. उघड्या मैदानांत भर दुपारीं महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा समारंभ झाला, आणि उष्माघातानें 14 माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या दिवशीं पारा 38 अंशांच्या आसपास होता. विदर्भांतील माणूस ह्या आंकड्यास हंसेल. मग इतकीं माणसें कां गेलीं?

ह्याचें कारण विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. आपला देह घामानें थंड होतो, पण नुसता घाम येऊन भागत नाहीं. तो वाळला पाहिजे. रबाळें हें डोंगर व खाडी ह्यांच्या मध्यें वसलेलें. येथील हवेंत बाष्प फार. म्हणून घाम अंगावरून ओघळतो, पण वाळत नाहीं, आणि उष्णता देहांतच कोंडून राहते. ह्यास्तव हवामान खातें मैदानी प्रदेशांत 40 अंशांपासून, परंतु किनाऱ्यावर 37 अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतें. त्यांतच पृथ्वीचें तापमान वर्षानुवर्षें वाढत आहे.

खारघरचे लोक तर कांहीं तास बसलेले होते. जो मनुष्य आठ-आठ तास उभा राहून ओझीं उचलतो, त्याचें काय? ठाणें-बेलापूर रस्त्यानें शाळेंत येतांना आपण त्याला रोज पाहतों. तो डांबर पसरतो, मालगाडी रिकामी करतो, चवथ्या मजल्यावर सळया बांधतो. त्याची बायको तापलेल्या पत्र्याच्या खोलींत स्वयंपाक करते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या 2024 सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें 240 कोटी श्रमिकांस अति उष्णतेशीं सामना करावा लागतो.

ह्यावर सुशिक्षित मंडळींकडून एक उत्तर नेहमीं ऐकूं येतें: “त्यांना संवय असते.” ह्या उत्तरांत अर्धें सत्य आहे, म्हणूनच तें घातक आहे. देहास उन्हाची संवय होते खरी. परंतु ती होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, आणि गांवीं जाऊन महिनाभर राहिलें कीं ती निघून जाते. म्हणून नव्या मजुरास व रजेवरून परतलेल्यास पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमकें त्याच दिवशीं त्याच्याकडून पुरें काम घेतलें जातें. शिवाय संवयीलाही सीमा आहे. देहाचा ताप 40 अंशांच्या वर गेला व माणूस बरळूं लागला, म्हणजे संवय त्याला वांचवीत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, मजूर स्वतःच विश्रांति घेत नाहीं. हें खरें, पण तो कां घेत नाहीं? ज्याला कामाच्या मापानें पैसे मिळतात, त्यानें अर्धा तास सावलींत काढला तर सायंकाळीं त्याच्या घरीं तितकें धान्य कमी येतें. अशा माणसास “जपून राहा” असा उपदेश करणें ही आमच्या मतें क्रूर थट्टा होय. विश्रांतीच्या वेळेची मजुरी धन्यानें दिली पाहिजे, हाच ह्या प्रश्नाचा गाभा आहे.

हें अशक्य नाहीं. कतार देशानें 2021 सालीं असा नियम केला कीं, 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळीं 10 पासून दुपारीं साडेतीनपर्यंत उघड्यावर काम घेऊं नये. अहमदाबाद शहरानें 2010 च्या भयंकर उन्हाळ्यानंतर 2013 सालीं उष्णतेविरुद्ध योजना आंखली. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यानें 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उन्हाळ्यांत थंड पाणी देणें आवश्यक केलें होतें. पण कारखान्याच्या भिंतीबाहेर, रस्त्यावर राबणाऱ्यापर्यंत तें पाणी पोंचलें नाहीं.

पालकहो, आपणांपैकीं कांहीं मुकादम आहेत, कांहीं ठेकेदार, कांहीं स्वतः मजूर. ज्यांच्या हातीं कामाची वेळ ठरविणें आहे, त्यांनीं एप्रिल-मे महिन्यांत जड काम सकाळीं उरकावें, पाणी व सावली कामाच्या जागींच ठेवावी, आणि दुपारच्या विसाव्याचे पैसे कापूं नयेत. विद्यार्थ्यांनो, कोणी उन्हांत भोवळ येऊन पडला तर त्याला सावलींत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी मात्र घालूं नका.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत दिवसभर ऊन सोसलेल्या मजुरांची कुरकूर सर्वांच्या ध्यानांत राहते. एक गोष्ट मात्र आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. तो धनी स्वतः बाजारांत गेला होता, आणि एकदां ऐन दोन प्रहरीं गेला होता. ऊन काय असतें, तें त्याला ठाऊक होतें. आमच्यांतील प्रत्येक धन्यानें ह्या उन्हाळ्यांत एक दिवस, बाराच्या ठोक्याला, छत्रीवांचून आपल्या मजुरांजवळ अर्धा तास उभें राहावें. मग काय करावें, हें त्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज पडणार नाहीं.