नदीलाही तोंड असतं

आधीच सांगतो, मी शास्त्रज्ञ नाही. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या बौद्धवाड्यात वाढलेला माणूस आहे. आमची वस्ती गावाच्या सखल अंगाला. २००५ ला पाणी शिरलं, २०१९ ला शिरलं, २०२१ ला परत शिरलं. पाणी ओसरलं की मोजायला माणसं येतात. टेपचं एक टोक धरायला आमची पोरं लागतात. आकडा किती आला, ते मात्र वस्तीत येऊन कुणी वाचून दाखवत नाही.

मागं शहरात एका संस्थेची बैठक होती. नद्या, खाड्या, पाणथळ जागा. त्यांचं संशोधन आणि पुनरुज्जीवन सर्वांनी मिळून करायचं, असा विषय. 'सर्वांनी' हा शब्द पत्रकात छापला होता म्हणून मी गेलो. व्यासपीठावर सर्व होते, म्हणजे त्यांच्यातले सर्व. मी हात वर केला. विचारलं, यात चिखलात राबणारं कोण आहे? एक साहेब हसले. म्हणाले, "तुम्ही घाटावरचे. तुमचा खाडीशी काय संबंध?"

मग चहा आला आणि प्रश्न तिथंच राहिला. उत्तर इथं देतो.

संबंध असा आहे, साहेब. नदीला उगम असतो तसं तोंडही असतं. तुम्ही उगमाला देऊळ बांधता, तोंडाशी गटार सोडता. सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वराच्या डोंगरातून कृष्णा निघते, ती वाई, कऱ्हाड, सांगली करत पूर्वेच्या समुद्राकडं जाते. त्याच डोंगरातून सावित्री निघते, ती पश्चिमेला उतरून महाडावरून बाणकोटच्या खाडीत जाते. आणि कोयना? ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते, हे शाळेत शिकवलं. पण पाटण तालुक्यात तिच्यावर धरण बांधलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढले आणि वीज करून तिचं पाणी पलीकडं वाशिष्ठीत सोडलं. कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी धरलंय. म्हणजे साताऱ्याचं पाणी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं, भर उन्हाळ्यातसुद्धा. ज्यांची गावं धरणात गेली त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून पुनर्वसनासाठी मोर्चे काढतात. वरचा माणूस उठवला, खालच्या माणसाच्या खाडीत पाणी ओतलं, आणि दोघांतल्या कुणालाच विचारलं नाही. आता सांगा, संबंध काय?

खाडी म्हणजे गोड्या-खाऱ्याचा मिलाफ. वरून नदी गाळ आणते, खालून भरती मीठ आणते. त्या चिखलात तिवरं उभी राहतात. त्यांच्या मुळांत मासळीची पिल्लं वाढतात, खेकडे, कालवं, शिंपल्या होतात. गोडं पाणी कमी झालं, जास्त झालं, गाळ अडला, विष आलं, की हा सगळा संसार मोडतो. पूर्वेला बघा. २००१ ते २००४ च्या दुष्काळी वर्षांत कृष्णेचं पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोचलंच नाही. वर आपण उसाला पाजत होतो, खाली आंध्रात नदीचं तोंड कोरडं पडलं होतं. ऊस कुणाचा, ते मी सांगायला नको. आमच्या नावावर ऊस नाही. आमच्या नावावर कोयता आहे.

माझी थोरली आत्ती महाडच्या खाडीपट्ट्यात दिलेली. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरून शिंपल्या काढायची, टोपलीत घालून दारोदार विकायची. बोटं कापलेली, पायाच्या भेगांत मीठ. एकदा कॉलेजातली माणसं आली, तिच्याकडून सगळं विचारून गेली. ती मला म्हणाली, "लेकरा, भरती कवा, गाळ कुठं मऊ, वरनं कारखान्याचं काळं पानी आलं की पयली कंची जात मरती, समदं सांगितलं. त्यानं वहीत लिवून घेतलं. माजं नाव न्हाई लिवलं." त्या वहीचं पुढं पुस्तक झालं का पदवी झाली, आत्तीला कळलं नाही. तिच्या टोपलीतल्या शिंपल्या तेवढ्या कमी होत गेल्या.

हे कुणी दुष्टपणानं करतं असं नाही. सवय आहे. गाडगं-झाडू गेला, पण 'तू सांग, मी लिहितो' ही वाटणी तशीच राहिली. आणि लिहिणाऱ्याच्या हातात दोष कुणावर टाकायचा हेही असतं.

तमिळनाडूत पिचावरमचं कांदळवन उजाड झालं. कित्येक वर्षं बोट दाखवलं जायचं ते गरिबांकडं. यांची गुरं चरतात, हे लाकूड तोडतात. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठाननं नीट अभ्यास केला तेव्हा निघालं वेगळंच. इंग्रजांच्या काळापासून सरकारी पद्धतीनं पट्टेच्या पट्टे सरसकट तोडले होते. उघडी पडलेली जमीन वाळली, खचली. खोलगट भागात भरतीचं पाणी साचून राहिलं, मीठ चढलं, मग रोपं उगवेनात. उपाय साधा होता: माशाच्या काट्यासारखे चर खणायचे, म्हणजे भरती आत येईल आणि ओहोटीला बाहेर जाईल. गावकरी, वनखातं आणि अभ्यासक यांनी मिळून तो केला. पुढं आंध्रात आपल्या कृष्णेच्या तोंडाशीही असंच काम झालं. तिवरं परत आली. संशोधन कशाला हवं, ते यातून कळतं. खरं संशोधन गरिबाच्या डोक्यावरचा खोटा आरोप उतरवतं. मी संशोधनाच्या विरोधात नाही. मी त्याच्या दाराबाहेर उभा आहे.

आणि आत घेतलं तर काय होतं, हे बघायला तमिळनाडूला जायची गरज नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, येरळेवर बळीराजा धरण आहे. ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते, नदी आटत होती. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळी कामावरची माणसं मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आली. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते होते, के. आर. दात्यांसारखे इंजिनियर होते. पण प्रश्न लोकांनी काढला: आमच्या नदीचं पाणी कुठं गेलं? अभ्यास त्या प्रश्नावर झाला. थोडी वाळू लोकांनी स्वतः विकून धरणाला पैसा उभा केला. आणि पाणीवाटपाचं सूत्र ठरलं ते असं, की भूमिहीनालाही वाटा. ज्याच्याकडं सातबारा नाही त्यालाही पाणी! विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं पुरंदरात हाच विचार आधी मांडला होता. जमीन नसलेल्याचा पाण्यावर हक्क. हे वाक्य खाडीला लावून बघा. शिंपल्या काढणाऱ्या बाईच्या नावावर चिखल नसतो. म्हणून तिचा हक्क नसतो का?

सरकारनं २०१२ ला कांदळवन कक्ष काढला. २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिवरांची तोड बेकायदा ठरवली. चांगलं झालं. पण संरक्षणाचं कुंपण घालताना कुंपणात कोण सापडतं, हे बघायला पाहिजे. भराव टाकणारा बिल्डर रात्री डंपर आणतो. दिवसा पकडली जाते ती मोळीवाली बाई.

त्याच सावित्रीच्या काठावर महाड आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तहान भागवायला नाही, माणूस म्हणून हक्क सांगायला. त्यानंतर तळं 'शुद्ध' करायला निघाले ते लोक. पाण्यात शेण-गोमूत्र ओतून केलेलं ते पुनरुज्जीवन आम्ही विसरलेलो नाही. म्हणून 'शुद्धीकरण', 'पुनरुज्जीवन' असले शब्द ऐकले की आमचे कान टवकारतात. शुद्ध कुणासाठी, आणि कुणाला बाजूला करून?

आमचं म्हणणं सरळ आहे. अभ्यासाचा प्रश्न ठरवतानाच राबणाऱ्याला बोलवा, टेप धरायला नंतर नको. जो आकडा काढाल तो वस्तीत, तळावर, आमच्या बोलीत वाचून दाखवा. ज्यानं सांगितलं त्याचं नाव लिहा. रोपं लावायची मजुरी द्याच, पण ती तगल्यावर तिथल्या मासळीवर, शिंपल्यांवर हक्कही द्या. आणि धरणावरचा उठवलेला माणूस आणि खाडीतला बुडवलेला माणूस यांना एका सतरंजीवर बसवा. एकाच पाण्याची दोन टोकं आहेत ती.

पुढच्या बैठकीला मी आत्तीला घेऊन जाणार आहे. तिला खुर्ची द्या. चहा नंतर आणा.