चाकांची फळी आणि आपली तालीम

आपल्या नगररचनेत तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना जागाच नाही. बालोद्यानातील झोपाळ्यांसाठी ती मोठी आणि ज्येष्ठांच्या कट्ट्यासाठी लहान. गृहसंकुलाच्या वाहनतळावर खेळावे, तर गाड्यांच्या काचांची धास्ती आणि रहिवाशांच्या तक्रारी. मग ही मुले मोबाईलमध्ये बुडाली, म्हणून आपण हळहळतो. पण जाण्यासारखे दुसरे ठिकाण आपण त्यांच्यासाठी ठेवले आहे काय?

एके काळी ते ठेवले होते. 1914 मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, 1924 मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ. तालमीत केवळ दंड पिळदार होत नसत. वस्तादाच्या नजरेखाली पोरगा माणूस होत असे. आज अनेक तालमींची दारे किलकिली आहेत आणि सायंशाखेत किशोर कमी येतात, ही कार्यकर्त्यांची नेहमीची व्यथा आहे.

म्हणूनच प्रत्येक मोठ्या वस्तीत किशोरांसाठी एक युवा केंद्र आणि त्यात स्केटबोर्डसाठी छताखालील जागा असावी, असा प्रस्ताव कोणी मांडला तर नाक मुरडू नये. ‘हे पाश्चात्त्य थेर कशाला?’ हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर इतिहासात आहे. बास्केटबॉल 1891 मध्ये आणि व्हॉलीबॉल 1895 मध्ये अमेरिकेत जन्मले, ते वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या छत्राखाली. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही, म्हणून छताखाली खेळता येतील असे खेळ त्यांनी निर्माण केले. तरुणांना गोळा करायचे, तर आधी त्यांच्या पायांना काम द्यावे लागते, हे त्या संघटनेने ओळखले. त्यांची अडचण बर्फाची होती, आपली चार महिन्यांच्या पावसाची आहे.

स्केटबोर्डिंग हा आता रिकामटेकड्यांचा उद्योग राहिलेला नाही. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला आणि मोमिजी निशिया या अवघ्या तेरा वर्षांच्या जपानी मुलीने सुवर्णपदक जिंकले.

आपल्याच देशातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तेथे 2015 मध्ये उलरिके राईनहार्ड या जर्मन महिलेने मुलांसाठी स्केटबोर्डचे मैदान उभारले. नियम दोनच : शाळा नाही तर खेळ नाही, आणि मुलींना प्रथम संधी. आदिवासी आणि यादव वस्त्यांतील मुले एकाच उतारावर एकमेकांचा हात धरून तोल सावरू लागली. त्याच गावची आशा गोंड 2018 मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली. सामाजिक समरसतेचा हा वस्तुपाठ आहे. मनाला टोचणी लागते ती एवढीच, की हे सुचले एका परदेशी महिलेला. गावोगावी सेवाकार्य करणाऱ्या आपल्याला का सुचू नये?

यासाठी भव्य वास्तू नको. सायंकाळी कुलूपबंद असणारे शाळांचे सभागृह किंवा ओस पडलेली तालीम पुरेशी आहे. लाकडी उतार हलवता येतील असे करावेत. एका बाजूला मल्लखांब, दुसरीकडे अभ्यासिका असावी. शिरस्त्राण आणि गुडघ्यांची कवचे केंद्रानेच पुरवावीत, म्हणजे गरीब घरचा मुलगा दारातून परत जाणार नाही. मुलींसाठी राखीव वेळ असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तेथे रोज ठरल्या वेळी येणारा, मुलांना नावाने ओळखणारा एक ‘दादा’ किंवा ‘ताई’ असावी. हा माणूस नसेल, तर उत्तम वास्तूही वर्षभरात गोदाम होते.

संस्कार खेळाच्या साहित्यात नसतो, खेळवणाऱ्यात असतो. जो तरुण मुलगा पडून, खरचटून पुन्हा फळीवर उभा राहतो, तो धैर्याचाच पाठ गिरवत असतो. त्या वेळी त्याच्या शेजारी कोण उभे असेल, हे आपण ठरवायचे आहे. आपण तेथे नसलो, तर ती जागा रिकामी राहणार नाही. दुसरे कोणीतरी, कदाचित नको ते कोणीतरी, ती भरून काढील.