उदाहरण अडते तेव्हा...

असोद्याचे नाव काढले की खानदेशाबाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक भरिताची वांगी आणि दुसरी बहिणाबाई चौधरी. १८८० मध्ये या गावात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या नावाचे विद्यापीठ, आणि तिच्याच माहेरच्या गावातली मुले-मुली तिथल्या पदव्यांसाठी धडपडतात, ही अभिमान वाटावी अशीच गोष्ट आहे. पण यांपैकी एखादी मुलगी रात्री भौतिकशास्त्राचे उदाहरण घेऊन बसली आणि ते अडले, तर तिने विचारायचे कोणाला? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र गावाकडे नसते.

तिची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. खेड्यातल्या बऱ्याच मुलांचे विज्ञान दहावीपर्यंत मराठीत झालेले असते. त्वरण, जडत्व, संवेग हे शब्द ओळखीचे असतात. अकरावीला शास्त्र शाखेत पाऊल टाकले की हीच मंडळी अॅक्सिलरेशन, इनर्शिया, मोमेंटम अशी नावे घेऊन समोर उभी राहतात. त्यातच कॅल्क्युलस हा अगदी नवा पाहुणा. भरलेल्या वर्गात उठून ‘सर, कळले नाही’ म्हणायचा धीर होत नाही. तास संपल्यावर थांबावे तर गावाकडची गाडी निघून जाते. घरी यावे तर आईवडील कापसाच्या नाही तर केळीच्या कामाने थकलेले. आणि थकलेले नसले तरी इंटिग्रेशन त्यांच्या वाट्याला कधी आलेलेच नसते. शहरातल्या प्राध्यापकाच्या मुलीला जे जेवणाच्या ताटावर विचारता येते, ते या मुलीला विचारायला सारे गाव पालथे घालावे लागते.

मग मदत मिळते ती कशी? पूर्वी गाइड असे. मागच्या पानांवरचे सोडवलेले उदाहरण वहीत उतरवले की गृहपाठ झाला. नंतर गल्लोगल्ली क्लास आले. ज्याच्या खिशात फी, त्याची शंका फिटणार. आणि क्लास संध्याकाळी उशिरा सुटणार असेल तर गावातल्या मुलीला घरून परवानगी मिळणे कठीण. आता भ्रमणध्वनी आला. उदाहरणाचा फोटो काढायचा अवकाश, की पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सुबक उत्तर पुढ्यात हजर. फी नाही, गाडी चुकत नाही, कोणी हसतही नाही. ही सोय लहान नव्हे, आणि खेड्यातल्या मुलाने तिचा लाभ घेऊ नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण गाइड असो, क्लास असो की फोन, एक गोष्ट तिन्हीकडे राहून जाते. मूल नेमके कुठे अडले, हे सहसा कोणी विचारत नाही. ते ठरलेले उत्तर देऊन मोकळे होतात.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. उलट्या शंकूच्या आकाराची टाकी, खोली ४ मीटर, वरच्या तोंडाची त्रिज्या २ मीटर. मिनिटाला ५०० लिटर पाणी आत येते. पाणी २ मीटर चढलेले असताना पातळी किती वेगाने वाढते आहे? विद्यार्थी घनफळाचे सूत्र लिहितो आणि थांबतो, कारण सूत्रात त्रिज्या आणि उंची अशा दोन बदलत्या राशी आहेत. त्याला वाटते, आपल्याला कॅल्क्युलस येत नाही. शेजारी बसलेल्या जाणत्याने एवढेच म्हणावे, ‘टाकीची आकृती काढ. पाण्याची उंची आणि त्याच्या वरच्या पृष्ठभागाची त्रिज्या, यांचे काही नाते दिसते का?’ आकृती काढताच दोन समरूप त्रिकोण दिसतात. ते त्याने शाळेतच, मराठीत शिकलेले असतात. त्रिज्या उंचीच्या निम्मी आहे हे कळले की पुढचा रस्ता मोकळा. उत्तर येते मिनिटाला सुमारे १६ सेंटिमीटर. पण एवढ्यावर उठू देऊ नये. ‘पाणी १ मीटरच असताना किती?’ असे विचारावे. उत्तर चौपट येते, सुमारे ६४ सेंटिमीटर. का? टाकी खाली निमुळती आहे म्हणून. अडचण कॅल्क्युलसमध्ये नव्हतीच, ती न काढलेल्या आकृतीत होती. आयते उत्तर उतरवून घेणाऱ्याला हे कधीच उमगत नाही.

भौतिकशास्त्रात तर आयत्या उत्तराखाली चुकीची समजूत तशीच दबून राहते. रावेर-यावलकडून केळीने भरलेले ट्रक निघतात. ट्रक वेग घेतो आहे आणि आतला खोका न घसरता त्याच्याबरोबर चालला आहे. खोक्यावरचे घर्षणबल कोणत्या दिशेला? ‘घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध’ असे पाठ झालेले असल्याने मुले हमखास ‘मागे’ म्हणतात. त्यांना उत्तर सांगू नये. ‘घर्षण मुळीच नसते तर खोका कुठे राहिला असता?’ एवढेच विचारावे. ट्रक पुढे गेला असता आणि खोका जागीच राहिला असता, हे डोळ्यांपुढे आले की घर्षणच खोक्याला पुढे नेते आहे हे मूल आपल्या तोंडाने सांगते.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्ये उदाहरणे कशी सोडवावीत यावर एक छोटे पुस्तक लिहिले. प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा आणि शेवटी मागे वळून पाहा, अशा चार पायऱ्या त्यात आहेत. आपल्याकडे सारी घाई तिसऱ्या पायरीची. मदत लागते ती मात्र पहिल्या दोन पायऱ्यांवर, आणि शिकणे पक्के होते ते चौथीवर.

हे काही परक्या देशातून आणायला नको. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ समोरच्या मुलीला प्रश्न विचारत पुढे सरकते. भुंगे, मोर, साप असे रोजच्या पाहण्यातले विषय, आणि ‘सांग पाहू’ असा जिव्हाळा. ११५० साली पुऱ्या झालेल्या त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार आहे, आज मुलांना घाम फोडणाऱ्या कॅल्क्युलसचेच ते बीज. त्यांचा नातू चांगदेव याने हे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला. इसवी सन १२०७ च्या सुमाराचा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्या मठासाठी राजाने दान दिले, पण त्याबरोबर बाजारातल्या विक्रीवरचा कर आणि घाण्यामागे तेलाचा वाटाही लावून दिलेला आहे. म्हणजे गणित शिकवण्याचा भार या मातीत कधी काळी बाजारपेठेने आणि तेल्याच्या घाण्याने उचललेला होता.

आज तेवढा थाटही नको. गावातल्या शाळेची एक खोली, फळा, खडू आणि दिवा. रविवारी सकाळचे दोन तास. निवृत्त शिक्षक, सुटीला घरी आलेली इंजिनिअरिंगची मुले, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या मुली यांनी पाळीपाळीने बसावे. नियम तीनच. आपण काय करून पाहिले ते वहीत लिहून आणल्याशिवाय विचारायचे नाही. मदत करणाऱ्याने विद्यार्थ्याची पेन्सिल हातात घ्यायची नाही. आणि जमलेले उदाहरण वही मिटून पुन्हा एकदा एकट्याने करायचे. ज्यांना फोनच विचारायचा आहे त्यांनीही पूर्ण उत्तर न मागता पुढचा एक इशारा मागावा. तसा मागितला तर तोही बऱ्यापैकी शेजारी होऊ शकतो. मात्र तो कधी कधी ठामपणे चुकतो, म्हणून ताळा आपणच करायचा.

राहिली गोष्ट आईवडिलांची. आपल्याला काय कळते, असे म्हणून ते बाजूला होतात. बहिणाबाईंच्या ओव्या कागदावर उतरल्या त्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यासारख्या ऐकून लिहिणाऱ्यांमुळे. तिथे आई सांगत होती आणि मुलगा ऐकत होता. आता मुलीने सांगावे आणि आईने ऐकावे. ‘कुठे अडले ते मला सांग’ असे म्हणून आई पाच मिनिटे समोर बसली, तरी सांगता सांगता मुलीची चूक तिची तिलाच सापडते. त्यासाठी आईला इंटिग्रेशन यावे लागत नाही.

शास्त्र शाखा अर्ध्यावर सोडणारी सारीच मुले बुद्धीने कमी असतात असे नव्हे. पुष्कळदा एक उदाहरण अडते, मग दुसरे, मग धडा, आणि एक दिवस वही मिटते ती कायमचीच. पहिल्या उदाहरणाशी कोणी भेटले असते तर ती मिटली नसती. ते भेटणे कोणाच्या नशिबावर सोडू नये. गावाने ते ठरवून घडवावे.